ओर्फाच्या बंदुकीचा कान

व्हर्लन स्टिडम वारला, तेव्हा त्याच्या माळ्यावर एका ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग निघाले. आठ पैलूंची नळी, गारगोटीनं ठिणगी पाडणारी कळ आणि दस्त्यासाठी लाटालाटांच्या रेषांचं मेपलचं लाकूड. या लाकडावर त्याच्या भावाचा, क्लेटसचा, बारा वर्षं डोळा. थडग्याची माती बसायच्या आत तो व्हर्लनच्या बायकोच्या, ओर्फाच्या, ओसरीवर हजर.

"व्हर्लन मला म्हणाला होता, हे लाकूड तुझंच."

"मेल्यावर म्हणाला का? जिवंतपणी तर तो तुझ्याशी बोलत नव्हता."

भांडण आमच्या नेमबाजी मंडळापर्यंत आलं. ठरलं ते असं: ओर्फानं बंदूक स्वतः जोडायची आणि ऑक्टोबरच्या मेळ्यात ती वाजली पाहिजे. नाही वाजली, तर सगळं क्लेटसचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पळी चालवलेली बाई; आम्ही लाकूड क्लेटसचंच धरून चाललो होतो.

नळी चपखल बसावी म्हणून तिला काजळी फासायची, लाकडात दाबायची, काळं उमटेल तिथे खरवडायचं. ओर्फाचा उन्हाळा यातच गेला. क्लेटस दर शनिवारी यायचा, तिनंच भाजलेला ॲपल पाय खायचा आणि म्हणायचा, "अशीच खरवड. ख्रिसमसपर्यंत दात कोरायला काडी होईल."

ऑगस्टमध्ये तिनं चूक केली. नळी नीट न मापताच कळेची खाच कोरली. बंदुकीचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, कळेसमोर पाडावं लागतं. आणि तिथे तर नळीच्या आत मागचं लोखंडी बूच येत होतं. दारू बुचाच्या पुढे. ठिणगी तिथवर पोचणार कशी? क्लेटसनं ते पाहिलं, बोट चाटलं आणि म्हणाला, "छान बसलीय हं कळ." मग न्हाव्याकडे जाऊन गुडघे बडवत हसला. सगळ्या दरीला कळलं. तिला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. मजा बघायची होती.

ओर्फाला मात्र ते 'छान' टोचलं. मला नंतर म्हणाली, "चाळीस वर्षांत त्यानं माझं मीठसुद्धा बरोबर म्हटलं नाही." नळीत गज घालून तिनं आतली खोली मापली, तीच बाहेर पेन्सिलीनं आखली. अर्ध्या बोटाचा फरक. भोक अजून पाडलं नव्हतं. छिन्नी घेऊन तिनं लाकूड मागे कोरलं आणि अख्खी नळी मागे सरकवली, दारूची जागा कळेसमोर येईपर्यंत. कुणाला अवाक्षर नाही. पुढच्या शनिवारपासून दाराला कडी.

मेळ्यात क्लेटस सामान न्यायला ट्रक रिकामा करून आला होता. ओर्फानं बार ठासला, कानाशी रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घातली, घोडा सोडला. भक्क, आणि लगेच धाड. गोळी फळीला सोडून डोंगरात गेली.

"निशाण हुकलं," क्लेटस म्हणाला.

"वाजायचं ठरलं होतं."

तो धुरातूनच पुढे आला, मान वाकडी करून कान शोधू लागला. मग त्यानं हात पुढे केला. "बघू तरी जरा."

ओर्फानं बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"लांबून दिसतं," ती म्हणाली.