पोट सैल सोडा

करुणा चटईवर उताणी झाली, उशाशी मोबाईल ठेवला आणि डोळे मिटले. मोबाईलमधली बाई संथ, गोड आवाजात म्हणाली, "कपाळ सैल सोडा. आता जबडा सैल सोडा."

करुणानं जबडा इतक्या निकरानं सैल सोडला की कानापाशी दुखायला लागलं.

लग्नाला सात वर्षं होत आली होती, अजून मूल नव्हतं. औरंगपुऱ्यातल्या एका साडीच्या दुकानात ती फॉल-पिकोचं काम करायची. नवरा धम्मपाल चितेगावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. दोघांच्या तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. या महिन्यातला उपचार संपला तेव्हा डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "आमचं काम आम्ही केलं. आता मन शांत ठेवणं तुमच्या हातात." त्यांनी धीर दिला होता. करुणानं त्यातून एवढंच घेतलं, की आता काही बिघडलं तर ते आपल्याच मनानं बिघडवलेलं असणार. तेव्हापासून शेगडीवरच्या दुधापाशी उभं राहावं तशी ती स्वतःच्या मनापाशी उभी होती.

सासूनं, कडूबाईनं, हे गल्लीभर सांगून टाकलं. "आमच्या करुणाला टेन्शन देऊ नका बरं! डॉक्टरनं मनाई केली." कुकरची शिट्टी नको म्हणून वरण पातेल्यात शिजू लागलं. टीव्ही मुका झाला. आणि करुणानं भरला हंडा उचलायचा नाही, असा नियम झाला. कितीतरी दिवसांनी एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात ही केवढी सवलत! पण मग पाणी आलं की साऱ्या गल्लीची नजर तिच्या हातांकडं जाई. हात रिकामे आहेत, म्हणजे अजून आशा आहे.

"राणीसाहेब आराम फर्मावताय का?" शेजारची वच्छलाबाई विचारायची. "आम्ही नवव्या महिन्यात हंडे वाहिले. श्वास घ्या म्हणून कोणी सांगितलं नाय आम्हाला."

"तू श्वास घ्यायला थांबतीस कधी?" कडूबाई म्हणायची. "तोंडच बंद व्हत नाय तुझं."

आज पहाटे न्हाणीत करुणाला कळून चुकलं होतं. पाळी आली होती. ती कोणाला काही बोलली नाही. तोंड धुतलं, चहा केला आणि रोजच्यासारखी चटईवर येऊन पडली. आपण पडून आहोत तोवर या घरात कोणीतरी आशेवर आहे, एवढंच तिला कळत होतं. समोरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती अर्धे डोळे मिटून बसली होती. शांत बसायला त्यांचं काय जातं, त्यांना राहुलसारखा मुलगा झाला होता, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं दचकून जीभ चावली.

"पोट सैल सोडा," बाई म्हणाली.

तेवढ्यात बाहेर ओरडा झाला, "पाणी आलं! पाणी आलं!"

कडूबाई हंडा छातीशी धरून, वाजू न देता, चवड्यांवर बाहेर गेली. येताना मात्र तिला धाप लपवता आली नाही. पायरीवर गुडघा कुरकुरला, "आई गं" अर्धंच ओठांत राहिलं. मग दुसरी खेप. पुढच्या खेपेला पावलं पायरीशीच थांबली, आणि बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.

करुणा उठली.

"अगं झोप, झोप," कडूबाई कुजबुजली. "ती बाई अजून बोलती की."

करुणानं तिच्या हातातला भरला हंडा घेतला आणि कमरेवर चढवला. कडूबाई तो हिसकायला पुढं झाली. मग तिनं सुनेचा चेहरा पाहिला, आणि हात तसाच राहिला. नळापाशी वच्छलाबाई काहीतरी बोलत होती, ती मध्येच गप्प झाली. तिनं नळाखालची आपली कळशी बाजूला सरकवली.

आत ड्रममध्ये पाणी ओतताना करुणा म्हणाली, "माझंच चुकलं, आत्याबाई. मन शांत राहिलंच नाय. रोज झटले, तरी नाय राहिलं."

"कोण म्हणलं तुझं चुकलं?"

"मन माझ्या हातात होतं ना."

कडूबाई ड्रमच्या काठाला धरून खाली बसली. "माझ्याआधी माझ्या आईची दोन लेकरं गेली. मी पोटात असताना ती रोज ऊर बडवून रडायची. घास गिळत नव्हता तिला. तिचं मन कुठलं शांत? तरी मी झालेच. नजर लागू नाय म्हणून कडू नाव ठिवलं, अन् बघ, अजून मरत नाय."

"मग मला का नाय?" करुणाचा आवाज फाटला. "मी काय केलं?"

 कडूबाईनं पदरानं सुनेचं तोंड पुसलं. पदर पाण्यानं चिंब होता, त्यामुळं काहीच पुसलं गेलं नाही.

"यांना कसं सांगू?"

"धम्मपालला मी सांगते, शिफ्टवरून आला की. तू बस."

"नको. भरते मी. पाणी जाईल."

मोबाईलमधली बाई आता श्वास सावकाश सोडायला सांगत होती. दोघींचे हात ओले होते, तिला बंद कोणी केलं नाही. करुणानं रिकामा हंडा उचलला आणि सगळ्यांच्या देखत नळाकडं निघाली.