डावीकडचं रबर

टाचकाकांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, टाच राहते. चपला-बुटांच्या दुरुस्तीचं दुकान चालवून त्यांना चाळीस वर्षं झाली. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ते त्याचा जोडा उलटा करतात आणि निकाल देतात, "उजवा गुडघा दुखतो ना?" दहातले आठ निकाल बरोबर निघतात. उरलेल्या दोघांना काका पटवून देतात की दुखत नसला तरी लवकरच दुखेल. या विद्येचा त्यांना भारी अभिमान. घरी मात्र तिला कवडीची किंमत नाही, कारण काकूंनी आजवर एकदाही आपली चप्पल त्यांना उलटी करू दिलेली नाही.

काकांचा दुसरा अभिमान म्हणजे त्यांची जुनी जीप. वय वर्षं तीस, रंग कोणता होता यावर घरात एकमत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस काका तिच्यातून एकटेच चामडं आणि तळवे आणायला गोदामावर जातात, आणि रविवारी काकूंना डावीकडे बसवून डोंगरावरच्या लेकीकडे. तिथला रस्ता म्हणजे खाणीच्या ट्रकांनी उकरलेली पायवाट. बसही जाते, पण दोनदा बदलावी लागते आणि नातीच्या जेवणाची वेळ टळून जाते. म्हणून दोघं जीपनेच जातात. वाटभर काकू "खड्डा! डावीकडे खड्डा!" असं ओरडतात आणि काका "दिसतोय, दिसतोय" म्हणतात.

महिनाभरापासून जीप खड्ड्यात गेली की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा दणका बसू लागला होता. शेजारीच गॅरेज. शनिवारी सकाळी मेस्त्रीने जॅक लावून जीप उचलली, तशी चाकं लोंबली आणि वरची जागा मोकळी झाली. तिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंनी रबराचा एकेक ठोकळा असतो. स्प्रिंगचे पाटे फार दबले तर चाकांना जोडणारा अॅक्सल त्या रबरावर येतो, म्हणजे लोखंडाला लोखंड लागत नाही. मेस्त्रीने गंजलेल्या नटांवर तेल सोडलं, त्यांना आईमाईवरून दोन शब्द ऐकवले आणि दोन्ही रबरं काढून काकांच्या हातात दिली.

उजवं निम्मं झिजलं होतं. डाव्याचा नुसता टवका उरला होता.

काकांनी दोन्ही उलटीसुलटी करून पाहिली. सवय कुठे जाते! समोर गिऱ्हाईक असल्यासारखा त्यांनी निकाल दिला, "डाव्या बाजूला भार जास्त."

"डावीकडे कोण बसतं?" मेस्त्रीने अजाणपणे विचारलं.

"आमची ही," काका म्हणाले.

आणि 'ही' चहाचे दोन कप घेऊन बरोब्बर मागे उभी होती.

काकूंनी एक कप मेस्त्रीला दिला, दुसरा स्वतः प्यायल्या. मेस्त्रीने तोंड लपवायला जीपखाली सरपटत जाऊन आधीच घट्ट असलेला बोल्ट पुन्हा आवळला.

शहाण्या माणसाने एवढ्यावर थांबावं की नाही? पण काकांच्या अंगातला कारागीर जागा झाला होता. एका बाजूला झुकून चालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या टाचेला ते थर लावून देत. तसाच अर्ध्या इंचाचा तळवा त्यांनी मेस्त्रीने आणलेल्या नव्या डाव्या रबराला चिकटवला आणि वर चार खिळे ठोकले.

"काका, जाड केलं तर ते आधीच टेकेल. साध्या खड्ड्यातही ठोकेल," मेस्त्री म्हणाला.

"तू नट आवळ. झीज मला शिकवू नकोस."

रविवारी सकाळी काकूंनी पिशवी भरली आणि जीपकडे न बघता कोपऱ्यावरच्या बसथांब्याची वाट धरली.

"अगं, बस कशाला?"

"तुमच्या गाडीला भार नको," त्या म्हणाल्या.

काका चडफडत एकटेच निघाले. थांब्यासमोरून ऐटीत जायचं, नव्या रबरांची मजा तिला दाखवायची, मग ती आपणहून बसेल, असा बेत होता. थांब्याच्या अलीकडे गटाराचं झाकण खचलं होतं, डाव्या बाजूला, परातीएवढं. काकांचं डावं चाक थेट त्यात गेलं. असा दणका बसला की काकांची टोपी मांडीवर आली आणि थांब्यावरची माणसं उठून उभी राहिली.

काकू खिडकीशी आल्या. "दिसला नाही?"

"दिसला की."

"मग आत कशाला गेलात?"

काकांनी रबरावर, मेस्त्रीवर आणि गटारावर एकेक आरोप केला. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उजवा डोळा हाताने झाका बरं. आता सांगा, ते समोरून काय येतंय?"

काकांनी डोळा झाकला. समोर एक मोठं, पांढरं, पुसट काहीतरी हलत होतं. "बस आली तुझी," ते ठामपणे म्हणाले.

पाण्याचा टँकर खडखडत निघून गेला.

"मी आठवड्यातून एकदा बसते," काकू म्हणाल्या. "बाकीचे दिवस डावीकडे कोण बसतं? रिकामी सीट? लोकांच्या टाचा वाचता, आणि आपलं रबर काय सांगतंय ते कळलं नाही होय? वर्ष झालं, या डाव्या डोळ्याला खड्डा दिसत नाही."

काकांच्या डोळ्यापुढे धुकं आल्याचं त्यांना माहीत होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ज्याला टाका दिसत नाही त्याच्याकडे जोडा कोण टाकणार, ही धास्ती. दुकान बंद झालं तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना जेवतानाही सुटत नसे.

"तुला कधी कळलं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुम्ही शिवलेल्या जोड्यांचे डाव्या कडेचे टाके सुटायला लागले तेव्हा. दुपारी तुम्ही डुलकी काढता ना, तेव्हा मी पुन्हा शिवते. वर्षभरात एक तरी जोडा परत आला का?"

एकही आला नव्हता. काका त्याचं सगळं श्रेय स्वतःच्या हाताला देत आले होते. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. इतकं बरं की त्यांनी टोपी घालायच्या निमित्ताने दोन्ही डोळे पुसून घेतले.

"मोतीबिंदूच असेल. मंगळवारी डॉक्टरकडे जायचं," काकूंनी जाहीर केलं, पिशवी मागे टाकली आणि डाव्या सीटवर चढून बसल्या. "आणि आधी मेस्त्रीकडे वळवा. ते ठिगळ काढून घ्या."

मेस्त्रीने ठिगळ उपटलं. पाना ठेवताना शीळ तेवढी वाजवली. काकांनी ती ऐकू आली नाही असं दाखवलं.

डोंगराचा रस्ता लागला. "डावीकडे," काकू म्हणाल्या. काकांनी पहिल्यांदाच "दिसतोय" न म्हणता स्टिअरिंग वळवलं. "डावीकडे. आता सरळ. पुन्हा डावीकडे." जीप अशी अलगद चालली की काकांना तीस वर्षांची गाडी नवी वाटू लागली. एवढ्या सुखाने आपण कधी गेलोच नाही, असं ते बोलूनही गेले.

घाटाच्या शेवटच्या वळणावर दणका बसला. दोघंही सीटवरून वीतभर उडाले.

"अगं, सांगितलं नाहीस!"

"दिसला होता मला," काकू पदर सारखा करत म्हणाल्या. "तो कालच्या बोलण्याबद्दल."