माझ्या हाडांचा रिपोर्ट आणि आक्कांचा तांब्या

मैत्रिणींनो, आज इथं जर्मनीत लेकीनं माझ्या हाडांची तपासणी करून घेतली. दहा मिनिटं टेबलावर पडले, वरून यंत्र फिरलं, झालं. हाडं पार ठिसूळ निघाली.

डॉक्टरीणबाईनं लेकीला विचारलं, "आई दूध-दही खात नव्हत्या का?"

मला हसूच आलं. सासरी, डोंगरकडा गावात, बावीस वर्षं दोन म्हशींच्या धारा मीच काढल्या. दूध घरातल्या गडीमाणसांना. गावातच दिलेल्या माझ्या नणंदेला, आक्कांना, रोज तांब्या भरून जायचा. सुनेनं दूध फक्त चहात बघायचं. मी कंबर धरून बसले की आक्का म्हणायच्या, "काहून नाटकं करून राहिली?"

दवाखान्यातूनच रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला.

आक्कांचं लगेच उत्तर, "वय झालं की व्हतंच असं."

मी लिहिलं, "आक्का, तुमी माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. नांदेडला जाऊन तपासणी करा आन् तुमचा रिपोर्ट इथंच टाका."

ग्रुपवर वाचलंय सगळ्यांनी.

पुढच्या महिन्यात गावी येतेय. धार कोणीपण काढा, पहिला पेला मी आक्कांच्या ओट्यावर बसून पिणार आहे, सावकाश.

तुमच्या घरी दुधाचा पहिला पेला कोणाला जातो? खाली नाव लिहा. आक्कापण वाचून राहिल्यात.