मेट्रनबाईंनी स्वतःला दिलेला मेमो

त्रेस्यम्मा चाक्को मेट्रन झाल्या तेव्हा त्यांची एकच अपेक्षा होती, आता तरी पाय दुखायचे थांबतील. सव्वीस वर्षं वॉर्डात उभं राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरांची जाळी उठली होती. मेट्रनला खुर्ची असते, टेबल असतं, डोक्यावर स्वतःचा पंखा असतो. खुर्ची मिळाली खरी, पण महिन्याभरातच कळलं, की दुखणं पायांतून निघून डोक्यात जाऊन बसलंय.

मीनचिल नदीकाठचं ते ऐंशी खाटांचं मिशन हॉस्पिटल. नर्सा कागदावर एकोणचाळीस. त्यातल्या निम्म्या जर्मन शिकत होत्या आणि रबराच्या मळेवाल्या म्हाताऱ्या पेशंटांना सकाळी सकाळी ‘गूटन मॉर्गन’ म्हणून घाबरवत होत्या. हात जरा बसला, की पोरगी विमानात. ड्युटीची यादी लावणं म्हणजे वाहत्या पाण्यात रांगोळी काढणं. ओणमला सगळ्यांना सुट्टी हवी, ईस्टरला सगळ्यांना हवी, आणि मधल्या दिवसांत प्रत्येकीच्या घरी काही ना काही निघायचंच. एकीच्या नणंदेचा साखरपुडा एका वर्षात तीनदा झाला. तिन्ही वेळा त्रेस्यम्मांनी सुट्टी दिली आणि तिन्ही वेळा, मुलगा काय करतो, याची मनापासून चौकशी केली. तिसऱ्या खेपेला ती पोरगी स्वतःच लाजून कामावर आली.

मेमो प्रकरण घडलं ते एका मंगळवारी. पुरुषांच्या वॉर्डात तेव्हा दोन औसेप दाखल होते. दोघे सख्खे चुलतभाऊ. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं, या रिवाजापायी दोघांच्याही वडिलांनी आपापल्या पहिल्या मुलाचं नाव औसेप ठेवलेलं. घराण्याचं नावही अर्थात एकच, कल्लुंगल. बांधावरच्या एका फणसावरून दोघं तेवीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. चौदा नंबरच्या खाटेवर थोरला औसेप, दम्यासाठी. पंधरावर धाकटा, त्याच्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी व्हायची होती. त्यासाठी सकाळी सहाला त्याला एनिमा द्यायचा होता.

तो लिट्टी नावाच्या नर्सनं दिला. नीट, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दिला. फक्त थोरल्याला दिला.

तिनं ‘औसेपच्चन ना?’ असं आदरानं विचारलं होतं. तो ‘हो’ म्हणाला, आणि ते काही खोटं नव्हतं. चार दिवस त्याचं पोट साफ नव्हतं, पण पोरीबाळींना कसं सांगायचं म्हणून तो गप्प होता. आपल्या मनातलं डॉक्टरांनी ओळखलं असं समजून त्यानं मनोमन त्यांना दुवा दिला. तासाभरानं तो टवटवीत होऊन पाच अप्पम आणि काळ्या हरभऱ्याची आमटी खात बसला. धाकटा मात्र रात्रीपासून उपाशी, तपासणीची वाट पाहत. खरा प्रकार कानावर आला तेव्हा त्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला. फणस गेला तो गेला, आता माझा एनिमासुद्धा यानं ढापला, असं त्याचं म्हणणं. त्याची तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.

लिट्टी स्वतःच मेट्रनच्या खोलीत आली. रडत रडत तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, की सामान आत्ताच बांधू का. त्रेस्यम्मांनी तिला पाणी दिलं. तेविसाव्या वर्षी त्यांनीही एकदा सलाईनची बाटली चुकीच्या माणसाला लावली होती. मेट्रनच्या भीतीनं त्यांनी ते दोन दिवस लपवून ठेवलं आणि ते दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. ही पोर तासाभरात येऊन सांगत होती.

“मोळे, पोरी, तोंड धू,” त्या म्हणाल्या. “वॉर्डात तुझ्याबरोबर कोण होतं?”

“कोणीच नाही, मॅडम. एकतीस पेशंट, मी एकटी.”

दुसरी नर्स कुठे होती, ते त्रेस्यम्मांना पक्कं ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी संचालकांचा फोन आला होता. संचालक म्हणजे फादर, सगळे त्यांना अच्चन म्हणत. त्यांच्या आत्याबाई गुडघा सुजला म्हणून शेवटच्या खोलीत येऊन राहिल्या होत्या आणि एकटं राहायला घाबरत होत्या. एखादी मुलगी सोबतीला द्या, असं अच्चन म्हणाले, आणि त्रेस्यम्मांनी पुरुषांच्या वॉर्डातली मुलगी काढून दिली. आत्याबाई रात्री शांत झोपल्या होत्या. पहाटे उठून त्या मुलीशी पत्ते खेळत बसल्या होत्या आणि जिंकतही होत्या.

दुपारी अच्चननी बोलावून घेतलं. जी जबाबदार असेल तिला मेमो द्या, खुलासा घ्या, आणि बरा नसला तर घरी पाठवा, असं ते म्हणाले. लवकरच दिल्लीहून हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रासाठी फायली तपासायला माणसं यायची होती, तेव्हा कागद चोख हवेत, हेही सांगितलं.

त्रेस्यम्मा खोलीत परतल्या. दार लावून त्यांनी हॉस्पिटलचा छापील कागद पुढ्यात घेतला. प्रति, त्रेस्यम्मा चाक्को, नर्सिंग सुपरिंटेंडंट. एकतीस रुग्णांमागे एकच परिचारिका ठेवल्यामुळे चूक घडली, तरी अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करावा. खाली सही, त्रेस्यम्मा चाक्को. मग त्यांनी पोच म्हणून सही केली आणि दुसऱ्या कागदावर खुलासा लिहिला. संचालकांच्या आत्यांना सोबत हवी होती. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तो दोनदा वाचून त्यांनी समासात लाल शाईनं शेरा मारला, ‘खुलासा समाधानकारक नाही.’ इतकं झाल्यावर मात्र त्यांनी पेनाचं टोपण लावून बोटांवर हिशेब केला. नोकरीची अजून सहा वर्षं बाकी होती.

अच्चननी चष्मा लावून वाचलं, काढून पुसला, परत वाचलं.

“हे काय आहे, त्रेस्यम्मा?”

“मेमो.”

“ते दिसतंय. पण तुम्हीच तुम्हाला?”

“जबाबदार असेल तिला द्या म्हणालात, अच्चन. यादी मी लावते.”

“बरं, पण यात माझी आत्या मध्ये कशाला?”

“मध्ये नव्हत्या त्या. शेवटच्या खोलीत होत्या.”

अच्चननी मान खाली घातली. ते रागावलेत की हसू दाबतायत, ते त्रेस्यम्मांना कळेना.

“दिल्लीची माणसं हे वाचतील,” ते शेवटी म्हणाले.

“म्हणून तर अक्षर नीट काढलंय.”

मग त्यांनी मागणी केली. पुरुषांच्या वॉर्डात कोणत्याही पाळीला दोनपेक्षा कमी नर्सा राहणार नाहीत, आत्या कुणाचीही असो. लिट्टीला समज मिळेल, नोकरी जाणार नाही. अच्चननी पेन मागून घेतलं आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यात ‘मान्य’ लिहिलं. आत्याबाईंनी त्या मुलीला परत पाठवायला साफ नकार दिला, कारण डाव अर्धा होता. त्रेस्यम्मा स्वतः जाऊन तिला घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या लिट्टीला घेऊन वॉर्डात गेल्या. धाकट्या औसेपला एनिमा आपण स्वतः देणार, असं त्यांनी ठरवलं होतं. अकरा वर्षांत हे काम केलं नव्हतं, तरी हात विसरले नव्हते. लिट्टीनं पडदा ओढला, आणि खात्री करून घ्यायची म्हणून त्रेस्यम्मांनी त्याला नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, मग आईचं, मग बायकोचं. भुकेनं कावलेला धाकटा प्रत्येक उत्तरागणिक चिडत गेला.

“आता सासूचं तेवढं राहिलं,” तो म्हणाला.

“ब्रिजिता,” पडद्यापलीकडून थोरल्याचा आवाज आला. “फार चांगली बाई होती.”

लिट्टीनं तोंडावर हात धरला.

“तुला कुणी विचारलं?” धाकटा म्हणाला, आणि मग जरा थांबून त्यानं विचारलं, “पोट कसं आहे?”