सपाट माथ्याची रेषा

स्वल्पविराम दुरुस्त करता करता मी आलेखावर बोट ठेवलं. “या रेषेचा माथा सपाट कसा गं?”

माझी लेक मेधा ताऱ्यांमधल्या ढगांतला कार्बन मोनॉक्साइड मोजते, वर्णपटातल्या त्याच्या रेषेवरून. प्रबंधाचं हे प्रकरण आज सरांकडे जायचं होतं.

तिने आलेख जवळ ओढला. “आई, चांदवडच्या घाटात धुकं असलं की पुढचाच ट्रक दिसतो ना? तसा हा ढग दाट आहे, मागच्या रेणूंचा प्रकाश अडतो, म्हणून माथा सपाट. मी फक्त पुढचे रेणू मोजलेत.”

“म्हणजे आकडा चुकला?”

“कमी आलाय. तुला शुद्धलेखन बघायला दिलं होतं.”

तेव्हापासून मी घरभर उगाच फिरतेय. तुम्ही विचारलं असतं?

सकाळची भर: तिने प्रकरण पाठवलं नाही. सरांना कळवलं आणि दुर्मिळ, जड कार्बन असलेल्या रेणूंच्या फिकट रेषेवरून मोजणी पुन्हा सुरू केली; ते इतके विरळ की पार मागचेही दिसतात.