साखर नाही, नुसतं मॉल्ट

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "टाचणी टोचली की सांगा, अम्मा."

मी वाट पाहिली. शेवटी विचारलं, "केव्हा टोचणार?"

"पाच वेळा टोचून झाली."

मधुमेह मला आठ वर्षांपासून होता. इन्शुलिन मी स्वतःच टोचून घेत असे. आता त्यात डायबेटिक न्यूरोपथीची भर पडली. म्हणजे साखर वाढून वाढून नसा खराब होणं. पावलं आधी जळजळतात, मग मुंग्या येतात, मग काहीच कळत नाही. चपलेचा खिळा वर येऊन माझ्या अंगठ्यात घुसला होता, ते मला फरशीवरच्या रक्तावरून समजलं. जखम चिघळली होती. "साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी इन्शुलिन वाढवलं आणि बी-वन, बी-ट्वेल्व्ह या जीवनसत्त्वांची इंजेक्शनं लिहून दिली. मला संशयच आला. जे भाजी-डाळीत, दुधात असतं, त्याला सुई कशाला?

शेजारच्या शारदक्कांनी नसांच्या टॉनिकची बाटली आणली. त्यांच्या दिरांचे पाय म्हणे त्यानंच सुधारले. मी लेबल दोनदा वाचलं. जीवनसत्त्वं, लोह, मॉल्ट.

"गोड आहे का?"

"सक्करे इल्ल री, बरी मॉल्ट." त्या कानडीत म्हणाल्या, साखर नाही, नुसतं मॉल्ट.

रोज दोन वेळा दोन चमचे घेऊ लागले.

साखर तपासायची आमची पद्धत अशी: परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं म्हणजे थोडी साखर, नारिंगी म्हणजे बरीच, विटकरी म्हणजे भरपूर. आठवड्याभरात माझी नळी हिरव्यावरून नारिंगीवर गेली.

"फणसाचे गरे कुणी संपवले?" ह्यांनी विचारलं.

"मी नाही."

"मग मांजरानं खाल्ले असतील."

मी द्रावणावर संशय घेतला, नवं आणलं. इन्शुलिन खराब असेल म्हणून दुकान बदललं. माझ्या कॉफीत साखर घालतात की काय, असा ह्यांच्यावरही संशय घेतला, कॉफीची भांडी चाटून पाहिली. नळी नारिंगीच राहिली. जखम सुकेना. डॉक्टरांनी सर्जनकडे पाठवलं. सर्जननी दोन आठवड्यांची मुदत दिली.

घरी येऊन मी दिवसभरात तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी केली. नवीन एकच होती. तिचे आठ थेंब मी निळ्या द्रावणात टाकले आणि नळी दिव्यावर धरली. बघता बघता ती विटकरी झाली.

हे दचकले. "कुणाची लघवी ही?"

"टॉनिकची."

शारदक्कांना बोलावून नळी दाखवली. "अय्यो! पण दुकानदार साखर नाही म्हणाले होते!"

त्यांना काय बोलणार? मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व साखर न घालता गोड लागतं, हे मी दोन मुलं त्यावर वाढवताना रोज चाखलेलं. मॉल्ट म्हणजे तेच, मोड आणलेलं धान्य. लेबलावर मी साखर हा शब्द शोधला आणि तो नाही म्हणून बिनधास्त झाले.

बाटली मोरीत ओतली. चार दिवसांत नळी हिरवी झाली, मग निळसर. मुदत संपायच्या आत जखमेवर खपली धरली. अंगठा राहिला.

म्हणून सांगते, औषधं घेणाऱ्यांनी टॉनिक, चूर्ण, सत्त्व, जे काही वरून घ्याल ते आधी डॉक्टरांना दाखवा. शेजारणीचा हेतू चांगला असतो, पण पाय आपला असतो. तळवे रोज आरशात बघा, अंघोळीचं गरम पाणी कोपरानं तपासा, चपलेत हात घालून मगच पाय घाला.

पाय बधिरच आहेत. परवा डॉक्टरांना सरळ विचारलं, "या जीवनसत्त्वांनी संवेदना परत येईल का?"

ते म्हणाले, "गोत्तिल्ल, अम्मा. अंगात कमी असेल तर उपयोग होईल. नसेल तर बहुतेक नाही."

गोत्तिल्ल म्हणजे ठाऊक नाही. आजवर मला औषध देणाऱ्यांपैकी असं म्हणणारा हा एकच माणूस. त्यांची इंजेक्शनं मी बिनतक्रार घेते.