राजहंसचं छप्पर

“गाडीत खोट काय आहे, तेवढं सांगा,” दिघेसाहेब म्हणाले.

साहेब कंपनीच्या मुंबई ऑफिसातून आले होते. मे महिन्यात, वर्ध्याला, टाय बांधून. शोरूममध्ये तिघंच होतो. साहेब, एजन्सीचे मालक शेठजी आणि मी, सेल्समन. चौथी ती. नवी कोरी राजहंस. रोज पुसून पुसून माझे हात दुखत होते, पण बाई जागची हलायला तयार नव्हती.

“खोट काही नाही साहेब,” मी म्हणालो. “लोक येतात, मागच्या सीटवर बसतात, चहा पितात आणि ‘पाहू’ म्हणतात.”

“पाहू म्हणजे?”

“म्हणजे नाही.”

सत्तरच्या दशकात असं नव्हतं. तेव्हा राजहंस विकावी लागत नसे. बुकिंग करायचं, म्हणजे नंबर लावायचा, आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. जिनिंगवाले, मोठे शेतकरी, दवाखानेवाले, सगळे शेठजींना गाठून “माझा नंबर वर घ्या न जी” म्हणायचे. मी नुसता खुर्चीत बसून मान हलवायचो. लोकांना वाटे, हा फार मोठा माणूस आहे. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

मग ऐंशी उलटलं, बाजारात छोट्या गाड्या आल्या, आणि कंपनीनं घाबरून राजहंसचं नवं मॉडेल काढलं. छप्पर खाली घेतलं. वारा कमी अडला की पेट्रोल कमी लागतं, असं त्याचं कारण. पेट्रोल खरंच कमी लागत होतं. गाडी देखणी होती. रंगही झकास. तरी एक गाडी खपेल तर शपथ!

साहेबांनी प्रश्नांची मोठी यादी आणली होती. मायलेज, रंग, ब्रेक, हॉर्न. मी प्रत्येकाला “तक्रार नाही” म्हणत गेलो.

“गाडीत बसल्यावर लोक नेमकं करतात काय?”

मी आठवून पाहिलं. “सगळेच जण छताला हात लावतात. तळवा असा सपाट करून.”

“आतलं कापड बघत असतील,” साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं. मलाही ते पटलं.

जाता जाता शेठजींनी मला बाजूला घेतलं. “देखो भाई, लग्नसराई संपायच्या आत एक तरी गाडी उठली पाहिजे. नाही तर कंपनी एजन्सी काढून घेईल. आणि एजन्सी गेली, तर तुम्ही...”

माझं लग्न नुकतंच झालं होतं. सासऱ्यांना सांगितलं होतं, मी मोटार कंपनीत आहे. आता काय सांगणार होतो?

हाताशी एकच गिऱ्हाईक होतं. देवळीचे नामदेवराव. कापसाची मोठी शेती, जुन्या राजहंसचे भक्त. तेही मागच्या सीटवर बसून, चहा पिऊन, ‘पाहू’ म्हणून गेले होते. त्यांचा मुलगा मधुकर, त्याचं लग्न नाचणगावला ठरलेलं. साहेबांना कल्पना सुचली. लग्नाला नवी गाडी आपणच घेऊन जायची. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात, म्हणजे माल वापरायला देऊन गिऱ्हाइकाचं मन वळवायचं. “मी स्वतः चालवतो,” साहेब म्हणाले. “घरच्या कार्यात गाडी मिरवली, की मांडवातच बुकिंग!”

नामदेवरावांना सांगितलं, तर ते जरा घुटमळले. “तुमी आन्तो म्हनता तं आना बाप्पा,” म्हणाले. आनंद काही दिसला नाही. मला वाटलं, लग्नाची दगदग असेल.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रॅक्टर पुढं निघून गेला. नवरदेव मारुतीच्या देवळातून पाया पडून आला. डोक्याला फेटा, हातात लिंबू खोचलेली कट्यार आणि कपाळावर बाशिंग. बाशिंग म्हणजे बेगडाचं, मण्या-लोंब्यांचं, चांगलं हातभर उंच. मी अदबीनं मागचं दार उघडलं. मधुकर वाकला, आत शिरला, ताठ बसायला गेला.

कर्रकन आवाज झाला.

बाशिंग छताला भिडलं होतं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! तो छताला लागणारा तळवा! लोक कापड बघत नव्हते, बाशिंग मोजत होते! आमच्याकडं गावात एखादीच मोटार. वर्षभर ती टिनाच्या शेडमध्ये उभी राहायची, पण लग्नसराईत अख्ख्या गावचे नवरदेव तिच्यातून जायचे. मोटारवाल्याचा मान होता तो. ज्या मोटारीत नवरदेव मावत नाही, ती घेऊन करायचं काय?

“हेडरूम कमी पडतेय,” साहेब हळूच पुटपुटले. हेडरूम म्हणजे बसलेल्या माणसाचं डोकं आणि छत यांच्यातली मोकळी जागा.

“बाशिंग थोडा वेळ काढू या का?” साहेबांनी विचारलं.

नवरदेवाची आत्या कंबरेवर हात ठेवून पुढं आली. “काऊन? लगन लागल्याबिगर बाशिंग उतरत असते काय? तुमच्याकडं उतरवत असान!”

मधुकरला पुढं वाकवलं. बाशिंगाचे मणी गळायला लागले. साहेब म्हणाले, डोकं खिडकीतून बाहेर काढा. आत्या म्हणाली, “अन् बाभळीचा काटा लागला तं? तुमी घालान काय मंग माळ?” तिकडं मुहूर्त जवळ येत होता.

शेवटी एकच मार्ग उरला. नवरदेवाला मागच्या सीटवर आडवा केला, उताणा. बाशिंग आता दाराच्या दिशेनं आडवं झालं. पुढच्या लांब सीटवर साहेब, नामदेवराव आणि आत्या. मी मागं खाली उकिडवा, नवरदेव घरंगळू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी धरून. कट्यार त्यानं छातीवर सरळ उभी धरली होती. खड्डा आला की लिंबू साहेबांच्या मानेवर आदळायचं.

“मधुकर, बरा हायेस ना?” नामदेवराव विचारत.

“हव बाबा. छत मातर मस्त दिसून राह्यलं,” मधुकर म्हणे.

वाटेतल्या गावांत बायका-पोरं नवरदेव बघायला रस्त्याला आली. त्यांना खिडकीत दिसलं एक लिंबू. पाठीमागून आलेल्या एस्टीनं आम्हांला गाठलं. एस्टी उंच. वरच्या लोकांनी खिडक्यांतून खाली वाकून पाहिलं. नवरदेव आडवा, डोळे वर, आणि एक माणूस त्याला दाबून धरून बसलेला. एस्टी पुढं निघून गेली, आमच्याआधी नाचणगावला.

नाचणगावला पोचलो, तर बँड बंद. मांडवाच्या दारात रिकामी बाज टाकलेली. आमचं दार उघडलं गेलं, चौघांनी मधुकरला उचललं आणि बाजेवर ठेवला. गावातला कंपाउंडर तयारच होता. त्यानं नाडी धरली.

“अहो, मले काई नाई झालं!” मधुकर ओरडला.

“बडबडून राह्यला,” कंपाउंडर गंभीरपणे म्हणाला. “ताप डोक्यात गेला.”

नवरीचे वडील नामदेवरावांपुढं उभे राहिले. “इवायी, पोराले फिट येते हे आंधी सांगाचं होतं. माही पोरगी का मले जड झाली?”

“फिट? कोनाले?” नामदेवरावांचा चेहरा पांढरा पडला. गाडी विकायला आलो आणि सोयरीक मोडायची वेळ आली! नोकरीचं सोडा, देवळीवाले मला वर्ध्यात जिवंत ठेवणार नव्हते.

दिघेसाहेब टाय सावरत पुढं झाले. “मुलगा ठणठणीत आहे. फक्त हेडरूम कमी आहे.”

नवरीच्या वडिलांनी कंपाउंडरकडं पाहिलं. कंपाउंडर विचारात पडला. “लहानपनापासून असते ते,” तो म्हणाला.

आता मात्र मधुकरचं डोकं फिरलं. तो ताडकन उठला. कट्यार, बाशिंग, सगळ्यासकट त्यानं मांडवाला पळत एक चक्कर मारली. मग दुसरी. कंपाउंडर मागून “हळू, हळू” करत धावत होता. तो दमला, नवरदेव दमला नाही. मांडवात हशा पिकला. पाहता पाहता बँड पुन्हा सुरू झाला. हशात सगळ्यात मोठा आवाज नवरीचा होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. लग्न मुहूर्तावर लागलं. मी हात जोडून मारुतीचे आभार मानले.

गावातली वरात नवरीकडच्यांनी उघड्या दमणीतून काढली. दमणी म्हणजे हलकी बैलगाडी. बाशिंग ऐटीत वर, सगळ्यांना दिसेल असं. मागून आमची राजहंस, रिकामी, बैलांच्या चालीनं.

“नामदेवराव, तुम्हांला ठाऊक होतं, तर आधी का नाही बोललात?” मी विचारलं.

ते लाजले. “तुमच्या दुकानात चहा पेलो न जी. मंग तुमच्याच मालाले नावं कशी ठेवाव?”

साहेबांनी सगळं प्रामाणिकपणे मुंबईला कळवलं. मुंबईचं उत्तर आलं: छपरात बदल शक्य नाही, ग्राहकांना लहान बाशिंग वापरण्याची विनंती करावी. ते वाचून शेठजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनीच एजन्सी सोडली आणि त्याच शोरूममध्ये स्कूटर आणल्या. मला ठेवून घेतलं. सासऱ्यांना मी सांगितलं, कंपनी बदलली.

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते नामदेवराव. सोबत मधुकर. मी चहा सांगितला.

“चहा मंग,” नामदेवराव म्हणाले. “आंधी माल पाहू.”

ते स्कूटरवर ताठ बसले. तळवा सपाट करून त्यांनी डोक्यावर नेला. हात लांबवून आणखी वर नेला. हवेत इकडून तिकडं फिरवला. कशालाच लागला नाही.

“हे बेस हाये,” ते म्हणाले. “बोलवा चहा.”